मागावरची बोली

रविवारी सगळे जमणार हे ठरलं, तेव्हाच धाकट्या सुनेने मनाशी खूणगाठ बांधली होती, की आज आपण चहा करायचा, कप विसळायचे आणि तोंडाला कुलूप लावायचं. या घरात जो बोलतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, हे ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती. शिवाय या वेळी न बोलण्यात तिचा फायदा होता. सासूबाई संस्थेत राहायला गेल्या की रस्त्याकडची खोली मोकळी होणार. मोठी खिडकी, दिवसभर उजेड. गेली कित्येक वर्षं ती स्वयंपाकघराबाहेरच्या अरुंद जागेत बल्बखाली लोकांचे पडदे शिवत होती, आणि हल्ली सुईत दोरा ओवताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

पण परवा तिला एक गोष्ट कळली होती, आणि ती काही केल्या स्वस्थ बसू देत नव्हती.

थोरले दीर, दादा, आले तेच धापा टाकत. बसडेपोत गाड्या वेळेवर सोडायचं काम करणारा हा माणूस स्वतः मात्र कुठेही वेळेवर पोचत नसे. बाबा गेल्यानंतर दादांनी मिशी राखली होती. मिशी कसली, छप्परच ते! खालचा ओठ अर्धामुर्धा दिसायचा आणि वरचा ओठ कुठे आहे ते फक्त त्यांच्या बायकोलाच ठाऊक. ती आली नव्हती. "तुम्ही भावंडं ठरवाल ते मला मान्य," असा तिचा निरोप होता, म्हणजे तिने हात झटकले होते.

"काय आई, बरी आहेस ना?" दादा सासूबाईंच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीपाशी जाऊन म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. बघतच राहिल्या. मग मान वळवून पुन्हा रस्त्याकडे बघायला लागल्या.

"बघितलंस?" दादा बहिणीकडे, ताईंकडे वळले. "बाबा गेल्यापासून हे असंच आहे. तुमच्या सगळ्यांशी बोलते, फक्त माझ्याशी नाही. मी बाबांना वेळेवर मोठ्या दवाखान्यात हलवलं नाही, तो राग अजून धरून बसली आहे. अगं, तिचा नवरा गेला तसा माझा बापही गेलाच ना!"

"राग नाही रे दादा तो," ताई म्हणाल्या. "आजार आहे. तेच तर सांगायला बोलावलंय."

ताई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायच्या. दिवसभर लोकांवर खेकसून त्यांच्या आवाजाला धार आली होती, ती घरीही जात नसे. त्यांनीच आईला तिथल्या डॉक्टरांकडे नेलं होतं आणि त्यांनीच ती जागा मिळवली होती. गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी, विसरायला लागलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी संस्था. सरकारी योजनेतून जागा मिळाली तर सगळं फुकट: खाणं, औषध, अंथरूण-पांघरूण, चोवीस तास माणूस. ताईंनी ओळखी लावल्या, फोन केले, नाक घासलं, तेव्हा कुठे नंबर लागला.

"उद्या सकाळी त्यांची गाडी येणार," त्या म्हणाल्या. "आज संध्याकाळपर्यंत मला फोन करून हो किंवा नाही सांगायचंय. नाही म्हटलं की जागा दुसऱ्याला. मग पुन्हा माझ्याकडे यायचं नाही."

"पण खरंच एवढं झालंय का ताई?" धाकटीचा नवरा म्हणाला. तो फ्रीज दुरुस्त करायचा आणि भांडणाला भारी घाबरायचा. "म्हणजे पाण्याचा नळ चालू ठेवून जाते, मान्य. दूध उतू जातं, मान्य. दार वाजलं तरी उठत नाही..."

"अरे, डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? तर ही म्हणाली, दोन मुलगे आणि एक मुलगी. विचारलं, तुम्ही राहता कुठे? तर म्हणे, हो, जेवण झालंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथे सगळे मला ओळखतात."

"डॉक्टरांच्या तोंडाला फडकं होतं का?" धाकटीने विचारलं.

विचारून झाल्यावर तिने जीभ चावली. कुलूप लावायचं ठरवलं होतं ना!

"मास्क? असणारच. सर्दीची साथ होती. त्याचा काय संबंध?" ताई म्हणाल्या आणि पुढे बोलत राहिल्या. "आणि ते खिडकीतलं! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एकटीच उभी राहते आणि तोंड हलवते. आवाज नाही, शब्द नाही, नुसतं तोंड. मध्येच हसते. मध्येच रागावते. भिंतीशी बोलावं तसं. डॉक्टरांना ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आता उशीर करू नका."

दादांनी डोळे मिटून घेतले. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांच्या पाठीमागे त्यांच्याबद्दल चाललेल्या बोलण्यातला एक शब्दही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, हे या खोलीत फक्त धाकटीला ठाऊक होतं. तिने स्वयंपाकघरात जाऊन उरलेल्या चहाचं पातेलं उगाचच पुन्हा गॅसवर ठेवलं.

"म्हणून मी तिच्यासाठी मागच्या बाजूची खोली मागून घेतली आहे," ताई म्हणाल्या. "तिथल्या खिडकीसमोर भिंतच आहे. म्हणजे हे खिडकीत उभं राहायचं खूळ तरी सुटेल."

आता मात्र धाकटीला राहवेना. तिने गॅस बंद केला आणि खोलीच्या दारात आली.

"त्या एकट्या नाही बोलत, ताई."

"म्हणजे?"

"समोरच्या घरात वरच्या मजल्यावर एक म्हातारी बाई असते. परवा मी त्यांचे पडदे द्यायला गेले होते. त्यांचा पाय गेलाय, त्या खिडकीतून हलत नाहीत. मी पडदे मोजून देत होते आणि त्या बाहेर बघून तोंड हलवत होत्या, आवाज न करता. मी वाकून बघितलं तर इकडे आपल्या खिडकीत आई! त्या थांबल्या की आई तोंड हलवायच्या, आई थांबल्या की त्या. त्यांची मुलगी मलाच हसली. म्हणाली, तुम्हाला माहीत नव्हतं? या दोघी गिरणीत शेजारशेजारच्या मागावर होत्या."

धाकटी बोलत सुटली. आता सुरुवात झालीच होती तर होऊन जाऊ दे. तिने सांगितलं, की मागखात्यात शंभर माग एकदम चालायचे आणि त्यांतून आडवं सूत नेणारे धोटे असे खटाखटा धावायचे, की कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून तिथल्या बायका आवाज सोडून नुसत्या ओठांनी बोलायच्या. या टोकाच्या मागावरून त्या टोकाच्या मागावर निरोप जायचे, भांडणं व्हायची, मुकादमाची नक्कल त्याच्या पाठीमागे व्हायची. आणि त्याच आवाजाने सगळ्याजणींचे कान खाल्ले.

"आईंना ऐकू येत नाही," धाकटी म्हणाली. "बहुतेक काहीच येत नाही. त्या आपली तोंडं वाचतात. त्या विसरत नाहीत."

"काहीतरीच काय!" ताई म्हणाल्या. "गिरणी बंद पडली तेव्हा मी लहान होते, पण घरात तिने असलं कधी केलं नाही."

"बाबांना आवडायचं नाही," धाकटीचा नवरा हळूच म्हणाला. "माकडचाळे म्हणायचे ते. मला अंधुक आठवतंय."

ताई तरातरा खिडकीशी गेल्या आणि आईच्या समोर उभ्या राहिल्या. आवाज न काढता त्यांनी तोंडाचा मोठा आ करून ओठ हलवले. चहात साखर कमी झाली का?

"अगं, एवढं तोंड वासू नकोस, जबडा निखळेल," सासूबाई नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "साखर बरोबर आहे. दूध जरा जास्त झालंय, पण ते मी बोलले नसते."

धाकटीच्या नवऱ्याला खुदकन हसू आलं आणि लगेच त्याने ते गिळलं. ताई मटकन पलंगावर बसल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि पहिल्यांदाच धाकटीला त्यांची कीव आली.

मग दादा उठले. आईसमोर उभे राहिले.

"आई, मी काय म्हणतोय ते कळतंय तुला?"

सासूबाईंनी त्यांच्या मिशीकडे बघितलं, भुवया आवळल्या, अगदी जीव तोडून बघितलं. मग ताईंना विचारलं, "काय म्हणतोय गं तो?"



"हा मिशी राखून बसला ना, तेव्हापासून ह्याचं मला काही कळतच नाही," सासूबाई म्हणाल्या. "सुरुवातीला दोन-तीनदा विचारलं, काय रे, काय म्हणालास? तर वैतागला. डेपोत दिवसभर ओरडून आलेला असतो बिचारा. मग मी विचारायचं सोडलं. म्हटलं, उगाच त्याला त्रास कशाला."

दादांनी मिशीवर हात ठेवला. एवढा मोठा माणूस, डेपोतले ड्रायव्हर ज्याला टरकून असतात, तो लहान पोरासारखा रडायला लागला. इतकी वर्षं त्यांनी एक अपराध उरावर घेतला होता, आणि आईला त्याची गंधवार्ताही नव्हती.

"अगं, मग सांगायचं ना आम्हाला!" ताई ओरडल्या आणि मग आपण कशाला ओरडतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पुन्हा, सावकाश, तोंड समोर धरून तेच विचारलं. "सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तुझ्या बाबांनी सांगितलं होतं. त्यांचं काय झालं?"

बाबांनाही म्हातारपणी कमी ऐकू यायचं. त्यांना मोफत शिबिरात कानाचं एक यंत्र मिळालं होतं. एकच, आणि सगळ्यांना सारखंच. ते लावलं की कानात शिट्टी वाजायची, आणि ते जुळवून देणारा माणूस शिबिर उठल्यावर पुन्हा या भागात फिरकला नाही. बाबांनी ते खणात ठेवलं आणि मरेपर्यंत गप्प बसले. ते गेल्यावर, आईला थोडं कमी ऐकू येतं असं वाटून, ताईंनी तेच यंत्र तिच्या कानात घालून बघितलं. आईच्या मापाचं नव्हतंच ते! दोन दिवसांत आईच्या कानाला जखम झाली, तिने ते काढून टाकलं, आणि घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की म्हातारी हट्टी आहे.

"मी गेले होते एकदा तुझ्या दवाखान्यात," सासूबाई सांगायला लागल्या. "कानाच्या खिडकीला. तिथे नंबर ओरडतात. कानाच्या खिडकीला, आणि नंबर ओरडतात! सगळ्या म्हाताऱ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलेल्या. माझा नंबर कधी होऊन गेला कोणास ठाऊक. शेवटी शिपायाने खुर्च्या उचलल्या, तेव्हा मी उठले."

ताईंनी मान खाली घातली. नंबर ओरडणाऱ्यांत त्याही होत्या.

धाकटीला वाटलं, आता संपलं. आता ताई फोन करतील, गाडीला नको म्हणतील आणि मग काहीतरी होईल. तिला हलकं वाटलं. आपल्याला खोली मिळणार नाही याचं वाईटही वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. सगळं एकदमच.

"मग आता त्यांना नको म्हणून सांगायचं?" तिच्या नवऱ्याने विचारलं.

ताई बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिल्या.

"नको म्हणून सांगू," त्या म्हणाल्या. "आणि मग?"

"मग कानाचं बघू."

"काय बघू? मी रोज त्या खिडकीवर बसते, मला विचार. विसरणाऱ्यांना योजना आहे. डोळ्यांना आहे, गुडघ्याला आहे. कानाला काही नाही. वय झालं की कान जायचेच, म्हणतात. हिला दोन्ही कानांना यंत्र लागणार, ते तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही. समजा कर्ज काढलं. ते जुळवून घ्यायला मोठ्या शहरात खेपा घालायच्या. एकदा जुळवून होत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं. कोण नेणार? तू दुकान बंद ठेवणार? दादा रजा टाकणार?"

"हप्त्यांवर मिळतं म्हणतात."

"आधीचे हप्ते फिटलेत का तुझे?"

त्याने रिकामा कप उचलून तोंडाला लावला.

"आणि अजून एक," ताईंचा आवाज खाली आला. "तपासणी चुकली असं मी आता सांगायला गेले, तर ती कोणी करून आणली, कोणाच्या ओळखीने नंबर लागला, हे सगळं निघणार. माझ्या नोकरीवर येईल."

दादांनी डोळे पुसले. "माझ्याकडे नेली असती मी," ते म्हणाले. "पण आमचे जिने... आणि हिचं तुम्हाला माहीत आहे." ही म्हणजे त्यांची बायको. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि कोणी पुरं करायला लावलंही नाही.

बघता बघता सगळे पुन्हा ताईंच्या बाजूला गेले. कोणी तसं म्हटलं नाही. नुसतं, तिथे चोवीस तास माणूस असतो, असं एकजण म्हणाला. नळ-गॅसची काळजी नको, असं दुसरा म्हणाला. खोली पुढच्या बाजूची मागून बघते, असं ताई म्हणाल्या. आणि हे सगळं ती माणसं तोंडं उघडी टाकून आईच्या समोर बोलत होती! आत्ताच कळलेलं आत्ताच विसरली होती. विसरायचा आजार नक्की कोणाला होता, ते ज्याने त्याने ठरवावं. सासूबाईंची नजर या तोंडावरून त्या तोंडावर फिरत होती, चालू मागावरच्या धोट्याकडे बघावं तशी. दादांचं तेवढं सुटत होतं. बाकी सगळं त्या वाचत होत्या. धाकटीला ते दिसलं.

मग बोलणं थांबलं आणि तिघांनीही धाकटीकडे बघितलं.

काय हवं होतं ते तिला कळत होतं. राहू देत आई इथेच, मी बघते, एवढं वाक्य. ते तिने म्हटलं असतं तर ताईंनी कदाचित सुटकेचा निःश्वास टाकला असता, दादांनी आशीर्वाद दिला असता आणि सगळे चहा पिऊन घरी गेले असते. वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. पण त्याच्यामागून बाकीचंही आलं: भिंती हादरवणारा टीव्ही, करपलेली पातेली, प्रत्येक गोष्ट चार-चारदा सांगून बसलेला घसा, बाहेर जाताना पाठीमागे राहिलेल्या गॅसची धास्ती. आणि उजेड. त्या खिडकीतला दिवसभराचा उजेड.

ती कप गोळा करायला लागली. आयुष्यात तिला स्वतःचा इतका तिरस्कार कधी वाटला नव्हता, तरी ती कपात कप घालत राहिली.

"आईला विचारा तरी," तिचा नवरा पुटपुटला. "तिला कोणी विचारलंच नाही."

"मी विचारतो," दादा म्हणाले.

ते आईच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले. दोन बोटांनी त्यांनी मिशी वर दाबून धरली. तिच्याखालचा ओठ उन्हाने कधी न रापलेला, गोरा आणि जरा थरथरता होता. सासूबाई पुढे झुकल्या. त्यांचा सगळा चेहरा उजळला. किती वर्षांनी त्या आपल्या थोरल्याचं तोंड बघत होत्या!

"आई," दादा सावकाश म्हणाले. "तू जाशील ना तिकडे?"

सासूबाई बघत राहिल्या.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

"तू जाशील ना तिकडे, आई?"

"बाबांसारखाच ओठ आहे तुझा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी त्या ओठावरून अंगठा फिरवला. "जाईन की. न जायला काय झालं!"

ताई फोन घेऊन जिन्यात गेल्या. दादा मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले. धाकटी कप ठेवून सासूबाईंच्या खोलीत परत आली आणि पलंगाखालची बॅग काढून पुसायला लागली. तिला काहीतरी करायला हवं होतं. लुगडी किती, स्वेटर कुठला, असं विचारायला ती वळली. सासूबाई तिच्याकडे पाठ करून खिडकीत उभ्या होत्या. उघड्या तावदानाच्या काचेत त्यांचा चेहरा मात्र तिला स्पष्ट दिसत होता, आणि ओठ हलत होते.

परवापासून धाकटी चोरून त्या ओठांकडे बघत आली होती. सगळं तिला कळायचं नाही, पण हे कळलं, कारण सासूबाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

थोरला बोलला आज माझ्याशी.

रस्त्यापलीकडे वरच्या खिडकीत पांगळ्या म्हातारीने आनंदाने दोन्ही हात उंचावले. मग तिचे ओठ हलले. इतक्या लांबून, धाकटीसारख्या शिकाऊ बाईला कळेल इतके ठळक.

काय म्हणाला?

सासूबाई हसत उभ्या राहिल्या. म्हातारीने पुन्हा विचारलं. अगं, काय म्हणाला?

सासूबाईंनी कडेचा पडदा हातात घेतला. गेल्याच महिन्यात धाकटीने तो शिवून लावला होता, जाड कापडाचा, उजेड अडवणारा. त्यांनी तो खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला आणि वळून म्हणाल्या, "एकच स्वेटर दे. तिकडे फार थंडी नसेल."